एका कचेरींत किती वर्षें?

सकाळीं नऊच्या सुमारास मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनांत क्षणभर उभें राहिलें, तर मुंबईच्या उपनगरांतील एक संबंध व्यवसाय डोळ्यांसमोरून चालत जातांना दिसतो. बोरिवलीकर लोकलनें अंधेरीपर्यंत येऊन तेथून मेट्रो धरतो. मुलुंडकर घाटकोपरला उतरून उलट्या बाजूनें येतो. आणि दोघेहि येथें एकत्र होऊन सीप्झ, चकाला, एम. आय. डी. सी. अशा निरनिराळ्या दिशांना पांगतात. यांतील पुष्कळांचें काम एकाच जातीचें आहे. संगणकानें काय करावें तें त्याला समजेल अशा भाषेंत लिहून देणें, म्हणजेच ज्याला सारें जग आतां सॉफ्टवेअर म्हणतें तें तयार करणें, हा त्यांचा धंदा. त्यांच्या गळ्यांत ओळखपत्राची फीत असते. माणूस तोच, गाडी तीच, जेवणाचा डबाहि बहुधा तोच; परंतु त्या फितीचा रंग मात्र दर दोन-तीन वर्षांनीं बदलतो, कारण कंपनी बदललेली असते.

या बदलत्या फितीमुळें उपनगरांतील कितीएक घरांत एक शांत वाद चालू आहे. बोरिवलींतील असें एखादें घर कल्पनेनें पाहावें. वडील एका बँकेंत कारकून म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनीं त्याच बँकेंतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मुलगी डेव्हलपर आहे. सात वर्षांत तिनें तीन कंपन्या पाहिल्या, आणि आतां चौथीचें ऑफर लेटर तिच्या हातांत आहे. वडिलांच्या मतें ही धरसोड आहे. "अगं, एका जागीं मूळ तरी धरूं दे," असें ते म्हणतात. मुलीचें उत्तर असें, "बाबा, जागचें हललें नाहीं, तर पगारहि जागचा हलत नाहीं." दोघांच्याहि बोलण्यांत अनुभव आहे, म्हणूनच हा वाद सहज मिटत नाहीं. एका कचेरींत किती वर्षें काढावीं, हा प्रश्न स्वभावाचा कीं व्यवस्थेचा, हें त्यासाठीं तपासून पाहिलें पाहिजे.

प्रथम वडिलांची बाजू घ्यावी. बँकेच्या नोकरींत बढतीची शिडी सर्वांना दिसत असे. १९२८ सालीं स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला वेतनवाढ मिळे. सेवाज्येष्ठतेची यादी कोणासहि वाचतां येई. अधिकारी व्हावयाचें तर कोणती परीक्षा द्यावी आणि बदली कोठें होण्याचा संभव आहे, हेंहि आधीं ठाऊक असे. इतकें ठाऊक असे कीं, मुंबईबाहेर बदली नको म्हणून अधिकारीपदाची बढती नाकारणारे कारकून हा मुंबईच्या बँकांतला नेहमींचा विषय होता. शिडी चढणें किंवा न चढणें हा ज्याचा त्याचा निर्णय होता, परंतु शिडी कोठें आहे याविषयीं संशय नव्हता. शेवटीं निवृत्तिवेतन होतें. अशा व्यवस्थेंत एका जागीं टिकून राहणें हा सद्गुण होता, तसाच तो शहाणपणाचा हिशेबहि होता.

सॉफ्टवेअरच्या धंद्यांतहि आंतल्या आंत वर चढण्याची उदाहरणें आहेत आणि तीं थोडीथोडकीं नाहींत. मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ सालीं सुरू झाली. एस. रामदोराई हे १९७२ सालीं तींत लागले आणि १९९६ सालीं तिचे प्रमुख झाले. एन. चंद्रशेखरन १९८७ सालीं आले, २००९ सालीं प्रमुख झाले, आणि पुढें २०१७ सालीं टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. के. कृतिवासन १९८९ सालीं आले. त्यांच्याकडे प्रमुखपद २०२३ सालीं आलें. हे सर्व त्याच जिन्यानें वर गेले. मात्र या संस्थेंत आज सुमारें सहा लक्ष माणसें आहेत आणि प्रमुखाची खुर्ची एकच आहे. तेव्हां या उदाहरणांवरून जिना शेवटच्या मजल्यापर्यंत जातो एवढें सिद्ध होतें. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला पुढची पायरी वेळेवर मिळते कीं नाहीं, हें त्यांवरून कळत नाहीं.

सोडून जाण्याचेंहि एक मोठें उदाहरण मुंबईचेंच आहे. नारायण मूर्ती हे मुंबईच्या पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्यें सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते. पवईच्या आय. आय. टी. मधून १९७८ सालीं पदवी घेतलेले नंदन निलेकणी त्याच कंपनींत काम करीत. १९८१ सालीं मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी त्या नोकरींतून बाहेर पडले आणि दहा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनीं पुण्यास इन्फोसिस ही कंपनी काढली. पुढें जुनी कंपनीहि मोठी झाली; तथापि २०११ सालीं ती आयगेटनें घेतली, आणि २०१५ सालीं आयगेट कॅपजेमिनीकडे गेली. गेलेले सातजण जर धरसोड्या वृत्तीचे ठरवावयाचे, तर भारतीय उद्योगाच्या इतिहासाचें एक प्रकरणच धरसोडीवर उभें आहे असें म्हणावें लागेल.

असो. थोरांचीं उदाहरणें बाजूस ठेवून साधारण माणसांकडे वळावें. एका वर्षांत शंभरांपैकीं किती जण आपण होऊन नोकरी सोडून गेले, याचा आंकडा या कंपन्या दर तिमाहीस प्रसिद्ध करतात. टाटा कन्सल्टन्सीमध्यें हें प्रमाण मार्च २०२१ मध्यें ७.२ टक्के होतें. दीड वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्यें, तें २१.५ टक्क्यांवर गेलें. इन्फोसिसमध्यें जून २०२२ मध्यें तें २८.४ टक्के होतें. म्हणजे चौघांपैकीं एकाहून अधिक माणूस वर्षभरांत निघून गेला. आणि डिसेंबर २०२३ पर्यंत टाटा कन्सल्टन्सीचा आंकडा पुन्हां १३.३ टक्क्यांवर उतरला. महामारीच्या काळांत जगभरच्या दुकानांना, बँकांना व कचेऱ्यांना आपले व्यवहार घाईघाईनें संगणकावर आणावे लागले. कारागिरांना मागणी आली. आणि ती ओसरतांच सोडून जाणारेहि कमी झाले. तरुणांचे संस्कार दीड वर्षांत तिपटीनें बिघडत नाहींत आणि पुढच्या सवा वर्षांत सुधारतहि नाहींत. जो आंकडा बाजाराबरोबर चढतो आणि उतरतो, त्याचीं कारणें स्वभावांत शोधणें व्यर्थ होय.

पहिलें कारण उपनगरांच्या भूगोलांतच आहे. सांगलीजवळ किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली, ती एका कारखान्याभोवतीं. तेथें नोकरी सोडणें म्हणजे घर, शाळा, शेजार आणि गांव सोडणें होतें. अंधेरीस याच्या नेमकी उलट स्थिति आहे. येथें १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं सीप्झ स्थापन झालें. त्याच्या नांवांत सांताक्रूझ असलें, तरी जागा अंधेरीची आहे. पुढें त्याच आवारांत आणि आसपास सॉफ्टवेअरच्या कंपन्या आल्या. गोरेगांव, मालाड, पवई, विक्रोळी आणि खाडीपलीकडे ऐरोली येथें आणखी कचेऱ्या उठल्या. २०१४ सालीं घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. २०२४ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो सीप्झपर्यंत धांवूं लागली. त्यामुळें बोरिवलींतील मुलीला कंपनी बदलण्यासाठीं घर बदलावें लागत नाहीं; आईवडिलांपासून दूर जावें लागत नाहीं; फार तर दोन स्टेशनें आधीं उतरावें लागतें. जेथें सोडण्याची किंमत इतकी अल्प, तेथें राहण्याला कांहीं तरी सबळ कारण असावें लागतें.

दुसरें कारण पगाराचें. मोठ्या कंपन्यांत अभियांत्रिकीच्या नव्या पदवीधरास वर्षाला सुमारें तीन ते साडेतीन लक्ष रुपये मिळतात, आणि दहा-बारा वर्षांत त्यांत फारसा फरक पडलेला नाहीं. तीन-चार वर्षांनीं त्याच मुलाची किंमत बाजारांत बरीच वाढते. परंतु कचेरींतील त्याची वाढ वार्षिक अप्रेझलच्या ठराविक टक्क्यांनींच होते. बाहेरची कंपनी मात्र त्याचें कालचें वेतन न पाहतां आजची गरज पाहते. म्हणून एखाद्या टीममध्यें तीन वर्षें काम करणाऱ्याच्या शेजारीं नवा माणूस येऊन बसतो. त्याला काम शिकविण्याची जबाबदारी जुन्यावर येते. आणि नव्याचा पगार जुन्याहून अधिक असतो. यांत कोणाची दुष्ट बुद्धि असते असें नव्हे. नव्यांच्या भरतीचा पैसा एका खात्यांतून निघतो, जुन्यांच्या वेतनवाढीचा दुसऱ्या. आणि तीं दोन्ही खातीं एकमेकांशीं बोलत नाहींत. परंतु शिकविणाऱ्याच्या मनाला जें कळावयाचें तें कळतें. या कचेरींत अधिक किंमत हवी असेल, तर एकदां तिच्या बाहेर जाऊन आलें पाहिजे, असा धडा कंपनी स्वतःच त्याला देते.

तिसरें कारण अधिक खोल आहे. नोकरी सोडण्याआधीं पुष्कळांनीं कचेरींतल्या कचेरींत दुसरें काम मागितलेलें असतें. कोणी पांच वर्षें एकाच विमा कंपनीची जुनी आज्ञावली दुरुस्त करीत असतो. त्याला नवी विद्या शिकावयाची असते. त्याच इमारतींत दोन मजले वर तसें काम चालू असतें. परंतु त्याला सोडावयाचें कीं नाहीं हें त्याच्या मॅनेजरच्या हातीं असतें, आणि मॅनेजर त्याला सोडीत नाहीं, कारण तो गेला तर काम अडतें. मुंबईस ही गोष्ट नवी नाहीं. गिरण्यांच्या काळांत कामावर घेणें, काढणें आणि चांगला सांचा देणें हें जॉबरच्या हातीं असे. १९२९ सालीं नेमलेल्या आणि १९३१ सालीं अहवाल देणाऱ्या मजूरविषयक रॉयल कमिशननें जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवलें, आणि कामगारांची नेमणूक त्याच्या हातून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावी अशी शिफारस केली. आजचा मॅनेजर जॉबरप्रमाणें दस्तुरी घेत नाहीं. तो सुशिक्षित असतो, कित्येकदां प्रेमळहि असतो. तथापि दुसऱ्याच्या उन्नतीची किल्ली ज्याला ती उन्नति गैरसोयीची आहे अशाच माणसाच्या खिशांत असावी, हा दोष मात्र जुनाच राहिला आहे. मग तो तरुण राजीनामा देतो. त्याबरोबर धांवपळ होते, वरिष्ठ त्याला बोलावतात, पगार वाढवूं म्हणतात, हवें तें कामहि देऊं म्हणतात. सहा महिने केलेल्या विनंतीनें जें झालें नाहीं तें राजीनाम्याच्या एका ओळीनें झालें, हें सारी टीम पाहत असते; आणि कोणत्या अर्जाकडे लक्ष दिलें जातें हें तिला त्या दिवशीं कळतें.

चौथें कारण शिडीच्या आकाराचें आहे. बहुतेक कचेऱ्यांत कांहीं वर्षांनंतर वर जावयाचें, तर हातचें काम सोडून माणसें हाकावीं लागतात. उत्तम आज्ञावली लिहिणाऱ्याला बढती म्हणून वेळापत्रकें, सभा आणि रजेचे अर्ज दिले जातात. यानें एक चांगला कारागीर जातो आणि कित्येकदां एक सामान्य मॅनेजर मिळतो. यावरील उपाय फार पूर्वीं शोधला गेला आहे. अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें आपल्या श्रेष्ठ तंत्रज्ञांसाठीं फेलो नांवाचें पद निर्माण केलें. फोर्ट्रान ही आज्ञाभाषा सिद्ध करणाऱ्या तुकडीचे प्रमुख जॉन बॅकस यांना तें १९६३ सालीं मिळालें. माणसें न हाकतांहि मोठ्या व्यवस्थापकाचा मान आणि स्वातंत्र्य मिळावें, असा त्यांतला हेतु होता. अशा दुहेरी शिड्या आतां भारतांतील पुष्कळ कंपन्यांच्या कागदोपत्रीं आहेत. परंतु दुसऱ्या शिडीवर चार पायऱ्यांवर एकहि माणूस दिसत नसेल, तर खालच्या माणसाला ती भिंतीवरील चित्रासारखीच वाटणार.

माणूस गेला म्हणजे नेमकें काय जातें, याचाहि विचार केला पाहिजे. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनीं १९८५ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, आज्ञावलीचा खरा प्राण तिच्या लिखित ओळींत नसून ती रचणाऱ्यांच्या मनांत जी समज तयार होते तींत असतो. रचणारे पांगले कीं आज्ञावली चालत राहिली तरी मृत होते, कारण तिला शहाणपणानें बदलूं शकणारा कोणी उरत नाहीं. याचा पडताळा जगाला लौकरच आला. १९६० आणि १९७० नंतरच्या दशकांत वर्ष लिहितांना शेवटचे दोनच आंकडे वापरण्याची काटकसर अनेक आज्ञावलींत झाली होती. २००० साल जवळ येऊं लागलें तेव्हां त्या दुरुस्त करणें प्राप्त झालें. परंतु लिहिणारे केव्हांच निवृत्त झाले होते किंवा अन्यत्र गेले होते. मुंबईसह भारतांतील कंपन्यांना तें काम मोठ्या प्रमाणावर मिळालें. अपरिचितांनीं लिहिलेल्या लक्षावधि ओळी अपरिचितांनीं वाचून काढल्या. म्हणजे ज्या अडचणीवर येथील धंद्याची भरभराट कांहीं अंशीं झाली, ती अडचण निघून गेलेल्या माणसांच्या गेलेल्या समजुतीचीच होती. आतां आपलींच माणसें जात असतां त्या समजुतीची किंमत या धंद्यानें विसरावी, हें चमत्कारिक आहे.

जाणाऱ्याचेंहि कांहीं जातें, हें मुलीच्या बाजूनेंहि मान्य करावें लागेल. जो दर अठरा महिन्यांनीं निघतो, त्याला आपण उभारलेल्या गोष्टीचा परिणाम पाहावयास मिळत नाहीं. आपण केलेली रचना तिसऱ्या वर्षीं कोठें कोसळते आणि आपल्या कोणत्या घाईचें ओझें कोणाला वाहावें लागतें, हें ज्ञान राहणाऱ्यालाच मिळतें, आणि कारागिराचा उस्ताद त्याच ज्ञानानें होतो. व्यवहाराचाहि हिशेब आहे. ग्रॅच्युइटीसाठीं कायम नोकरास पांच वर्षें सलग सेवा लागते, हा १९७२ च्या कायद्यानें घातलेला दंडक आहे. तीन कंपन्यांत मिळून सात वर्षें झालीं तरी तो पुरा होत नाहीं. उलट, केवळ टिकून राहिल्यानें अभय मिळतें असेंहि आतां म्हणतां येत नाहीं. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सीनें आपल्या दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक, माणसांना कमी करण्याचें जाहीर केलें, आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींतील माणसें असतील असें सांगितलें. ज्यांनीं अनेक वर्षें एका जागीं काढलीं होतीं, त्यांच्यावरच हा प्रसंग अधिक यावयाचा होता. बँकेच्या जुन्या नोकरींतील निश्चिति या धंद्यांत नाहीं, आणि ती आहे असें समजून वडिलांनीं उपदेश करणें सुरक्षित नाहीं.

मग करावें काय? कंपन्यांच्या हातीं बरेंच आहे आणि त्यांतील फारच थोडें खर्चाचें आहे. कचेरींतील रिकाम्या जागा बाहेर जाहीर करण्यापूर्वीं आंत जाहीर कराव्या. अमुक काळ एका कामावर काढल्यावर दुसरें मागण्याचा हक्क असावा, आणि तो मॅनेजरच्या मर्जीवर नसावा. वर्षांतून एकदां जुन्यांचा पगार नव्यांच्या पगाराशेजारीं ठेवून पाहावा. तंत्रज्ञांच्या शिडीवर खरीं माणसें चढवून दाखवावीं. आणि राजीनाम्यानंतर जें द्यावयाची तयारी असते तें राजीनाम्यापूर्वीं द्यावें. तरीहि कांहीं माणसें जातील, आणि जावींतच. नवें पाहिल्यावांचून विद्या वाढत नाहीं. परंतु तीं ओढीनें जातील, रागानें नव्हे. आणि जाण्यापूर्वीं आपली समज दुसऱ्याच्या हातीं नीट देऊन जातील.

घरांतहि प्रश्न विचारण्याची रीत बदलली पाहिजे. मुलीनें पुन्हां ऑफर लेटर दाखविलें, म्हणजे "किती वर्षें झालीं?" असें विचारून वाद तुटत नाहीं. आहे त्या जागीं पुढची पायरी कोणती, ती कोणाच्या हातांत आहे, आणि ती तूं स्पष्ट शब्दांत मागितलीस काय? नव्या जागीं पगारावांचून आणखी काय शिकावयास मिळेल? जें काम हातीं घेतलेंस, त्याचें फळ बरें कीं वाईट हें पाहण्याइतकी तेथें राहिली आहेस काय? हे प्रश्न बँकेंत पस्तीस वर्षें काढलेला माणूस उत्तम रीतीनें विचारूं शकतो, कारण एका कामाची शेवटपर्यंत जबाबदारी घेणें म्हणजे काय हें त्याला ठाऊक आहे. या प्रश्नांचीं उत्तरें देऊन मुलगी निघाली, तर तिला आनंदानें निरोप द्यावा. आणि उत्तरें देतां देतां तिनें तें पत्र बाजूस ठेवून दुसऱ्या दिवशीं आपल्याच कचेरींत दोन मजले वर जाऊन काम मागितलें, तर त्या कचेरीनेंहि तिचें म्हणणें राजीनामा हातीं येण्याची वाट न पाहतां ऐकून घ्यावें.